बडीशेप चघळू नकोस

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. फतेगंजातल्या तुझ्या पीजीत अंडं चालत नाही, म्हणून तू रस्त्यावरच्या गाडीवर आमलेट खातेस आणि खोलीवर परतताना बडीशेप चघळतेस. आमलेटचं मला काहीच वाटलं नाही. बडीशेपेचं मात्र मनाला लागलं.

माझी आई पक्की शाकाहारी. आमच्या शेजारी मराठा कुटुंब होतं, त्यांच्याकडे रविवारी मटण शिजायचं. नऊ वर्षांची असताना मी एकदा तिथे जेवून आले. हात साबणानं दोनदा धुतले होते. आईनं हात नाकाशी नेला आणि विचारलं, "आवडलं का?" मी मान हलवली. "मग तिथेच खा. माझ्या चुलीवर नको. पण मला सांगून जा." पुढे दर वेळी मी परत आले की ती विचारायची, "पोटभर जेवलीस ना?" आईचा नियम शेवटपर्यंत मोडला नाही आणि माझी जीभही कुणी बांधली नाही.

तेव्हा मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांचा नियम पाळ, घर त्यांचं आहे. बाहेर काय खायचं ते तुझं तू ठरव. त्यांनी विचारलं तर सरळ सांग. त्यावरून वाद झालाच तर दुसरी खोली शोधू, मी आहे. आणि तुझी ती मैत्रीण चातुर्मासात कांदा-लसूण सोडते, तिला कधी चिडवू नकोस.

पत्रात पुढे तू लिहितेस की वर्गातल्या सगळ्यांनी वाचलेली जाड इंग्रजी कादंबरी तीन महिने उशाशी पडून आहे, आणि मराठी कथा वाचताना कुणी आलं की तू पुस्तक उशीखाली सारतेस. अगं, ही पण बडीशेपच झाली.

माझे वडील साधे कारकून होते. दर शनिवारी ते मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. तिथल्या पुस्तकांच्या दालनाचे मजले जाड काचेचे आहेत, उजेड खालपर्यंत यावा म्हणून. वर कुणी चाललं की पावलांच्या सावल्या आपल्या डोक्यावरून सरकायच्या. मी मान वर करून बघत राहायचे. वडील सांगायचे, कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक येऊन इथे गादीवर बसला, तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले आणि मग खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मला यातलं एक फार मोलाचं वाटतं. शाळेत जायची सक्ती होती, पण पेटीतलं कुठलं पुस्तक उचलायचं ते वाचणाऱ्यावर सोडलेलं होतं.

तेराव्या वर्षी माझ्या हाती मोठ्यांची एक कादंबरी लागली. वडिलांनी पाहिलं. काढून घेतली नाही, फक्त म्हणाले, "अडलं तर विचार." चाळीसएक पानांवर मला ती नकोशी झाली आणि मी परत करून टाकली. काढून घेतली असती तर चोरून पुरी केली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढे मी शिक्षिका झाले. एका मुलीला घरून एक कादंबरी वाचायला दिली. तिचे वडील तावातावानं शाळेत आले. मी घाबरले, माफी मागितली, पुस्तक परत घेतलं. ती मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी पुस्तक मागितलं नाही. त्या माफीची मला आजही लाज वाटते. एका पुस्तकानं तिचं काही बिघडणार नव्हतं. आवडीचं वाचणं म्हणजे काहीतरी चुकीचं करणं, हे मात्र त्या दिवशी ती माझ्याकडून शिकली.

तुला तुझ्या आईनं कधी अडवलं नाही. काय वाचतेस, काय खातेस याचा हिशोब मागितला नाही. ती माझी विद्यार्थिनी होती, मी तिला ओळखते. तिला फिकीर नव्हती असं समजू नकोस. तुला न विचारणं तिला फार जड गेलं असेल. त्या मोकळीकीत वाढलेली तू आता लोकांच्या नजरेसाठी उशीखाली पुस्तक सारणार?

ती जाड कादंबरी सोडून दे. ताटात टाकू नये हे खरं, पण त्यासाठी आधी थोडं वाढून घ्यायचं असतं. पुस्तकाचंही तसंच कर. वीस पानं चाख, रुचलं तर पुढे जा. पाच-सहा वर्षांनी तेच पुस्तक कदाचित आवडेल, तेव्हा परत काढ.

रविवारी सकाळी ये. सेव-उसळ खायला जाऊ. तिथे तर्री वेगळी ठेवतात, ज्यानं त्यानं आपल्याला सोसेल तेवढी घ्यायची. उशीखालचं ते मराठी पुस्तक पिशवीत न घालता हातात घेऊन ये. कुठली कथा आवडली, ते मला ऐकायचंय.

तुझ्या
बाई