वाचक विचारतात : दिवाळखोरीची नोटीस कुठे आणि कशी बजावायची?

प्रश्न : एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे मालाचे 1 कोटी 30 लाख रुपये अडकलेत. तिच्या साकीनाक्याच्या गाळ्यावर डिमांड नोटीस पाठवली, ती ‘लेफ्ट’ (पत्ता सोडून गेले) असा शेरा मारून परत आली. वकील म्हणतात, पुन्हा पाठवा. दहा दिवस तर कधीच उलटले! (पुरवठादार, भांडुप)

उत्तर : वकिलांचं ऐका. दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 ची नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर जावी लागते. माल उतरवला तो गाळा चालत नाही. पैसे फेडायला किंवा वाद मांडायला कंपनीला मिळणारे दहा दिवसही नोटीस मिळाल्यापासून मोजतात, म्हणजे तुमचे अजून सुरूच झालेले नाहीत.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचा ‘मास्टर डेटा’ (नोंदणीकृत पत्ता वगैरे माहिती) बघा आणि नोटीस टाकाल त्याच दिवशी त्याची तारखेसकट प्रिंट काढा. मुंबईत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की ऑफिस हलतं, साइटवरचा पत्ता मात्र जुनाच राहतो. तरी नोटीस तिथेच पाठवायची. टपाल स्वीकारता येईल असं कार्यालय ठेवणं ही कंपनी कायद्याच्या कलम 12 नुसार कंपनीचीच जबाबदारी आहे. त्यामुळे तिथून आलेल्या ‘लेफ्ट’ला वजन येतं, गाळ्यावरून आलेल्याला नाही.

ईमेलही करा, पण पूर्णवेळ संचालकाला किंवा कंपनी सेक्रेटरीसारख्या प्रमुख अधिकाऱ्याला. तुम्ही एरवी बिलं पाठवता त्या अकाउंटंटच्या आयडीवरचा मेल नियमात बसत नाही.

परत आलेलं पाकीट फोडू नका! पोस्टमनचा तारखेचा शेरा त्यावरच असतो. पाकीट बंदच ठेवून प्रतिज्ञापत्राला जोडा, सोबत बुकिंगची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट. स्पीड पोस्टचा नंबर 13 अक्षरांचा. टाइप करताना त्यातला एक आकडा चुकला तर समोरचा वकील नेमका त्यावरच बोट ठेवतो.

पुढची चूक अर्जाच्या वेळी होते. 2020 च्या दुरुस्तीपासून कलम 9 च्या (कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याच्या) अर्जाची प्रत कंपनीला आणि दिवाळखोरी मंडळालाही (आयबीबीआय) दाखल करण्याआधी पाठवावी लागते. जुन्या नमुन्यावरून काम करणारे आधी दाखल करतात, मग पोस्टात जातात. कफ परेडला, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी), आक्षेप निघतो तो इथेच.

प्रश्न : माझ्या बाजूने पैशाचा हुकूमनामा (डिक्री) झाला आहे. ऋणको एक व्यक्ती आहे, कंपनी नाही. नोटीस सोसायटीच्या वॉचमनने सही करून घेतली. चालेल? (वाचक, दादर)

उत्तर : नाही. इथे कायदाच वेगळा. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना 1 डिसेंबर 2019 पासून नवी संहिता लागू आहे. बाकी व्यक्तींसाठी मुंबईत अजून 1909 चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच चालतो आणि काम उच्च न्यायालयात. नोटिशीत बजावणीनंतर किमान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. ती पाळली नाही की ‘नादारीचं कृत्य’ घडलं असं धरतात, म्हणजे त्यावरून ऋणकोला नादार ठरवण्याचा अर्ज करता येतो. परिणाम एवढे कडक, म्हणून बजावणीही काटेकोर हवी.

वॉचमन कुटुंबातला नाही आणि अधिकृत मुखत्यारही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतही नोकराला कुटुंबीय मानलेलं नाही. घरातल्या प्रौढ माणसाने घेतली तरी या नोटिशीसाठी त्यावर विसंबू नका. ती ऋणकोच्याच हातात पडली पाहिजे. तो टाळतोय असं दिसलं तर भेटींच्या तारखा-वेळा नोंदवा आणि पर्यायी बजावणीसाठी न्यायालयाची परवानगी मागा. परवानगीशिवाय स्वतःहून दारावर नोटीस डकवून काही होत नाही.

आणखी एक : तुमच्या हातात हुकूमनाम्याऐवजी लवादाचा निवाडा असेल तर ही नोटीस काढताच येत नाही. परमजीत सिंग पाथेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : न्यायाधिकरणाने जाहिरात द्यायला सांगितलंय. कुठल्या पेपरात? (वाचक, ठाणे)

उत्तर : आदेशात लिहिलंय तेच करा. सर्वसाधारण नियम असा : एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिक, दोन्ही नोंदणीकृत कार्यालयाच्या जिल्ह्यात खपणारी, सुनावणीच्या किमान 14 दिवस आधी. कात्रण नको, तारीख दिसेल असं पूर्ण पान जोडा.