मॅनहॅटन 52 की प्रिन्सेस एफ50: मुंबईच्या पाण्यापुरतं माझं मत

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन सेकंडहँड मोटर-यॉट, दोन्ही मुंबईतच. एक सनसीकर मॅनहॅटन 52, शाफ्टवाली (इंजिनापासून पंख्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलरपर्यंत, सरळ दांडा), इंजिनं सहाशेच्या आसपास तास चाललेली. दुसरी प्रिन्सेस एफ50, आयपीएस पॉडवाली (पंखे तळाखालच्या वळणाऱ्या पेटीला बसवलेले), दोन वर्षांनी नवी आणि दोनशे तासही न झालेली. मागणी जवळपास सारखीच. वापर म्हणजे शनिवार-रविवार गेटवे ते मांडवा, मधूनच मुरूड-जंजिरा, वर्षातून एकदा गोवा. तांडेल आणि एक खलाशी पगारावर. तुमचं मन प्रिन्सेसवर बसलंय, कारण ती नवी आहे, कमी चाललेली आहे आणि डिझेल कमी पिते.

मी तुमच्या जागी असतो तर सनसीकर घेतली असती. प्रिन्सेस वाईट आहे म्हणून नव्हे. सनसीकर पूल गावची, प्रिन्सेस प्लिमथची. दोन्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या जुन्याजाणत्या कारखान्यांतून आलेल्या. सलून, केबिन, फ्लायब्रिजवरची (छतावरची) बैठक यात कुठली सरस हे घरच्यांना एकदा फिरवून आणा, तेच ठरवतील. त्यावर मी वेळ घालवत नाही. फरक पाण्याखाली आहे.

मॅनहॅटनला व्होल्वोची डी11 इंजिनं आहेत, 725 अश्वशक्तीची दोन, आणि ती सरळ शाफ्टवर पंखे फिरवतात. एफ50 ची दोन इंजिनं त्यापेक्षा लहान आहेत, आणि ती पॉडवर आहेत. पॉडवर दोन-दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, आणि त्यांची तोंडं पुढे असतात. म्हणजे ते बोटीला मागून ढकलत नाहीत, पुढून ओढतात. पुढे स्वच्छ पाणी मिळतं म्हणून पंख्याची पकड चांगली बसते, इंजिन लहान असूनही बोट पळते, आवाज कमी, धूर कमी, जॉयस्टिकने आडवीही सरकते. भूमध्य समुद्रातल्या मरीनात याला तोड नाही.

पण पंखे पुढे तोंड करून असले की वाटेत येईल ते आधी त्यांनाच भेटतं. आपल्या बंदरात काय काय तरंगतं ते तुम्ही मांडव्याला जाताना पाहिलंच असेल: प्लास्टिकच्या गोण्या, लाकडाचे ओंडके, तुटलेली जाळी. खांदेरी-उंदेरीच्या आसपास तर थर्माकोलच्या आणि डिझेलच्या रिकाम्या कॅनच्या बोया रांगेने असतात, आणि संध्याकाळी परत येताना त्या दिसतच नाहीत.

शाफ्टवाल्या बोटीत दोरी अडकली तर काय होतं? शाफ्टवर गुंडाळत जाते, घर्षणाने नायलॉन वितळतं आणि कटलेस बेअरिंगच्या (शाफ्टला पाण्याखाली आधार देणाऱ्या नळीच्या) तोंडाशी काळ्या काचेसारखा कडक थर बसतो. त्रासदायक आहे, पण खलाशी करवतीचं पातं घेऊन खाली उतरतो आणि तासाभरात खरवडून काढतो. पंख्याचं पातं वाकलं तर भाऊचा धक्का ते ससून डॉक या पट्ट्यात ठोकून, घासून, बॅलन्स करून देणारे कारागीर आहेत. शाफ्ट सरळ करणारे आहेत. सुटे भाग दारूखान्यात (जुनी जहाजं मोडतात त्या भागात) शोधणारे आहेत. ट्रॉलरवाल्यांचं सगळं आयुष्य याच यंत्रणेवर गेलेलं आहे, त्यामुळे तुमच्या तांडेलालाही ती तोंडपाठ असते.

पॉडमध्ये मासेमारीची बारीक तंगूस दोन पंख्यांच्या मधल्या फटीत जाते आणि पाणी बाहेर थोपवणारं सील कापते. बोट चालताना काही जाणवत नाही. पाणी हळूहळू तेलात शिरतं आणि गिअर खायला लागतं. हे ओळखायची खूण एकच: पॉडच्या तेलाची पट्टी काढा, तेल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर काम मोठं आहे. बोट बाहेर काढायची, कंपनीच्या प्रशिक्षित माणसाची तारीख मिळवायची, भाग परदेशातून मागवायचे, आणि आपला हंगाम सप्टेंबर ते मे एवढाच. जोरात आपटलं तर बोटीचा तळ फाटू नये म्हणून पॉड तुटून पडावा अशी रचना असते. ती चांगलीच आहे, बोट तरते. पण तुटलेल्या पॉडचं बिल ऐकल्यावर मालक तरतोच असं नाही.

आता डिझेल. 20 ते 22 नॉटला (तासाला तेवढे सागरी मैल) अशा बोटी सागरी मैलाला सहा ते नऊ लिटर घेतात. एफ50 खालच्या टोकाला, मॅनहॅटन वरच्या. गेटवे-मांडवा जाऊन-येऊन पंधरा-सोळा मैल धरा. फरक एका फेरीला पन्नास लिटरच्या आत, म्हणजे नव्वदच्या भावाने साडेचार हजारांच्या आत. हंगामात तीस फेऱ्या केल्यात तर सव्वा लाख, फार तर दीड. एवढ्या किमतीची बोट घेणाऱ्याने या आकड्यावर निर्णय करू नये. एका पॉडच्या खालच्या भागाच्या बिलात अशी कित्येक वर्षांची बचत सहज जाईल.

गोव्याचं गणित वेगळं करा. मुंबई ते मुरगाव सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. सात लिटरने धरलं तरी दीड हजार लिटरच्या वर लागतं, शिवाय वीस टक्के राखीव हवंच. दोन्ही बोटींच्या टाक्यांचे आकडे मालकाकडून लेखी घ्या आणि या हिशेबात बसतात का पाहा. नसतील तर रत्नागिरीला टँकर किंवा ड्रम बोलावून भरावं लागेल. हेही जमतं, फक्त आधी ठरवून. वाटेत यॉटला नळी लावून देणारा पंप मिळेल अशा भरवशावर निघू नका.

जॉयस्टिकबद्दल एवढंच, की आपल्याकडे बोट बहुतेक वेळ गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यातच बोयाला बांधलेली) असते आणि माणसं लाँचने जातात-येतात. अरुंद बर्थमध्ये घुसवायची वेळ येते कुठे? मांडव्याला ओहोटीच्या ओढीत जेट्टीला लागताना तिचा उपयोग होतो, हे मान्य. पण ज्याने कोळ्यांच्या बोटी हाकल्यात तो तांडेल दोन इंजिनं पुढे-मागे करून शाफ्टवाली बोटही अलगद लावतो. विक्रीवाले जॉयस्टिकची करामत नेमकी भरती थबकलेली असताना दाखवतात, हे ध्यानात ठेवा.

दोनशे तास या आकड्याचं तुम्हाला फार अप्रूप वाटतंय, तिथे जरा थांबा. एवढ्या वर्षांत दोनशे तास म्हणजे बोट बहुतेक काळ गढूळ, कोमट खाऱ्या पाण्यात नुसती उभी होती. पंख्यांवर कालवं, नळ्यांत गाळ, इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारा रबरी पंखा) एकाच जागी दबून कडक झालेला. प्रिन्सेसच्या इंजिनांत खास बघायची गोष्ट म्हणजे आफ्टरकूलर, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग. तो समुद्राच्या पाण्याने थंड होतो, आणि ठराविक मुदतीने उघडून साफ करायचा असतो. ज्याने तास झाले नाहीत म्हणून ते टाळलं, त्याच्या आफ्टरकूलरला आतून गंज लागून खारं पाणी थेट सिलिंडरकडे जाऊ शकतं. शेवटचा कधी उघडला, कोणी उघडला, बिल कुठे आहे, हे विचारा. बिल नसेल तर सौद्याआधी उघडायला लावा. मॅनहॅटनच्या डी11 लाही हेच विचारायचं आहे. पण सहाशे तास नियमित चाललेलं, दर हंगामाचं बिल जोडलेलं इंजिन मला उभ्या राहिलेल्या इंजिनापेक्षा कधीही जास्त विश्वासाचं वाटतं. दोन्ही इंजिनांच्या संगणकात कुठल्या वेगाला किती तास चाललं याची नोंद असते, ती सर्व्हेअरकडून काढून घ्या.

आणि तुम्ही जनरेटरचा उल्लेखच केला नाहीत! मुरिंगवर किनाऱ्याची वीज नाही. मे महिन्यात पाहुणे बोटीवर असले की एसी बंद होत नाही, म्हणजे जनरेटर बंद होत नाही. मुंबईच्या बोटीत जनरेटरचे तास मुख्य इंजिनांच्या कितीतरी पट असतात. ते मीटर स्वतः वाचा. मग भर दुपारी दोन वाजता, सगळे एसी चालू, फ्रिज चालू, शेगडी चालू, असा तासभर भार टाका. युरोपच्या उन्हाळ्यापुरता एसी बसवलेला असेल तर इथे तो हरतो. उष्ण प्रदेशासाठीचा मोठा एसी घातलाय का ते कागदावर बघा. तांडेल-खलाशी रात्री बोटीवर राहणार असतील तर त्यांच्या केबिनमध्ये हवा पोचते का तेही बघा. तांडेल टिकणं बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

ट्रायल सकाळी घेऊ नका. सकाळी हार्बर तेलासारखं असतं, कुठलीही बोट छान वाटते. दुपारी वायव्येचा वारा सुटला की कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्रॉन्ग्सच्या दीपगृहाबाहेर काढा, लाटेवर तोंड करून वीस नॉटला न्या आणि मग लाट मागून घेत परत या. या उंचीच्या बोटींत मागून येणाऱ्या लाटेवर सुकाणू किती धरून ठेवतं हाच खरा कस असतो. मॅनहॅटन जास्त जड आहे, ती बहुधा इथे तुम्हाला शांत वाटेल. पण माझ्या बहुधावर जाऊ नका, तांडेलाला चाकावर बसवा आणि त्याचा चेहरा बघा.

प्रिन्सेस घ्या असं मी कधी म्हणेन? बोट बाहेर काढून दोन्ही पॉडच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासले, सीलच्या कामाची बिलं मिळाली, आफ्टरकूलर उघडून स्वच्छ निघाला आणि मालक किंमत सनसीकरपेक्षा ठळक खाली आणायला तयार झाला, तर. रात्रीच्या फेऱ्या मात्र मग कमी ठेवा.

कुठलीही घ्या, मूळ बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि ड्यूटी भरल्याची पावती हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. बोट कंपनीच्या नावावर असेल तर संचालकांचा ठरावही मागा. बोली मात्र मे महिन्याच्या मध्यावर लावा. मेअखेरीस बोट वर काढायची, क्रेनचं भाडं, ताडपत्री, पावसाळाभराची यार्डातली जागा हा सगळा खर्च तेव्हा मालकाच्या डोळ्यांसमोर असतो. शिवाय बोट वर निघणारच असते, त्यामुळे तळ तपासायला वेगळी क्रेन लागत नाही. समुद्रावरची ट्रायल तेवढी पंधरा तारखेच्या आत उरकून घ्या.