किडनीसाठी बीपीची गोळी कशाला?

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, १२ वर्षांपासून शुगर. बीपी १२८/८०, म्हणजे ठीकच. तरी लघवीतून प्रोटीन जातं म्हणून डॉक्टरांनी लोसार्टन ही बीपीची गोळी लावली. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) १.० होतं, ते पंधरा दिवसांत १.२ झालं. गोळीच किडनी बिघडवतेय का? बंद करू का?
– एक वाचक, यावल

उत्तर : आपल्या मनाने बंद करू नका. एवढी वाढ अपेक्षितच असते.

किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक नळी असते, नेणारी दुसरी. मधुमेहात आणणारी सैलावते, नेणारी आवळते. मधल्या गाळणीत दाब चढतो. काही वर्षं ती जादा गाळते, रिपोर्ट झकास दिसतात, मग ती झिजते आणि प्रोटीन गळू लागतं. बोस्टनचे डॉ. बॅरी ब्रेनर यांचं नाव झालं ते याच कामामुळे. उंदरांच्या किडनीत अतिसूक्ष्म सुई घालून त्यांनी हा दाब थेट मोजला. किडनीचा बराचसा भाग गेला, की उरलेल्या गाळण्या जादा भाराने एकेक करून बसत जातात, हे १९८२ साली त्यांनी मांडलं. २००१ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखालच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाचे १,५१३ रुग्ण होते. लोसार्टन घेणाऱ्यांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी घटला, आणि नुसत्या बीपी उतरण्याने हा फरक पडला नव्हता.

लोसार्टन नेणारी नळी सैल करते. दाब उतरला की गाळणंही थोडं उतरतं, म्हणून क्रिएटिनिन चढतं. ३० टक्क्यांपर्यंत चालतं. वडिलांचं २० टक्क्यांनी चढलंय. ३० टक्क्यांपलीकडे गेलं, तर अंगातलं पाणी कमी झालंय का, किडनीची धमनी अरुंद आहे का, हे डॉक्टर बघतील. डोस वाढवला की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. प्रोटीनसाठी सकाळची पहिली लघवी देऊन एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) करा. ३० च्या आत हवा. तापात किंवा लघवीच्या जंतुसंसर्गात केलेला रिपोर्ट धरू नका.

घात होतो तो मे महिन्यात. आपल्याकडे पारा ४५ वर, त्यात जुलाब-उलट्या, आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक. सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर चार दिवसांत किडनी बसू शकते. अशा आजारपणात लोसार्टन किती दिवस थांबवायची, हे आजच डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. दुखण्याला पॅरासिटामॉल बरी.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. लोसार्टन घेणाऱ्याने केळी सोडायची का?
– एक वाचक, रावेर

उत्तर : लोसार्टनने रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. ते ५ च्या आत असेल, तर रोज एक केळं खुशाल खा, त्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ५.५ च्या वर गेलं तर मात्र केळी बंद, आणि डॉक्टरांना लगेच दाखवा. त्याहून सांभाळायचं ते ‘कमी सोडियमचं’ मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते घरात आणूच नका. साधं मीठच, पण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. शेवभाजी, पापड, लोणचं त्याच हिशेबात धरा.