जुन्या पीओपीचं करायचं काय?

प्रश्न : फ्लॅटच्या दुरुस्तीत पीओपीचं सीलिंग, जिप्समचा गिलावा आणि विटांच्या दोन भिंती निघणार आहेत. सगळा राडारोडा गावच्या घराच्या जोत्यात भरू, असं ठेकेदार म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गिलावा चालेल. पीओपी आणि जिप्सम मुळीच नको. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि घट्ट झालेलं पीओपीही तेच. लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. आकडा किरकोळ वाटतो, पण जोत्यात दर पावसाळ्यात ओल चढते. विरघळलेलं सल्फेट वरच्या कोब्यात शिरून सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी संयोग पावतं आणि एट्रिंजाइटचे स्फटिक तयार होतात. ते फुगतात, कोब्याला तडे जातात, लाद्या उचलल्या जातात, आणि बोल लावला जातो लादीवाल्याला! खालचा भराव पोकळ होतो, ते वेगळंच.

त्यामुळे तोडण्याचा क्रम आधी ठरवा. सीलिंग आणि जिप्समचा गिलावा उतरवून गोण्यांत भरा, खोली झाडून घ्या, मगच भिंतीला घण लावू द्या. पीओपीचा चुरा विटांच्या भुग्यात एकदा मिसळला की चाळूनही निघत नाही.

गिलावा कशाचा आहे, हे नखानं ओरखडून बघा. सिमेंटवर नख चालत नाही, जिप्समवर सहज चालतं. जुना चुन्याचा गिलावाही मऊ लागतो, म्हणून शंका असेल तर पातळ ॲसिडचा एक थेंब टाका (हातमोजे घालून, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही). चुना फसफसतो, जिप्सम जवळजवळ नाही.

सीलिंगच्या सांगाड्याचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) चॅनल आणि स्क्रू भंगारात द्या. जिप्सम बोर्ड असतील तर ते कोरडेच ठेवा. भिजलेला कागद सुटत नाही आणि पुनर्प्रक्रियेच्या चाळण्या तुंबवतो. महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ची गाडी बोलावताना जिप्समच्या गोण्या वेगळ्या असल्याचं आधीच सांगा. विटा-काँक्रीटसोबत ते क्रशरमध्ये गेलं, तर तिथून निघणारी खडी आणि वाळूही बिघडते. कचराभूमीत ओल्या कचऱ्याखाली दडपलं, तर हवेविना जगणारे जिवाणू त्यातूनच हायड्रोजन सल्फाइड हा विषारी, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू काढतात.

प्रश्न : जुनं पीओपी दळून, भट्टीत भाजून पुन्हा वापरता येईल का?

उत्तर : रसायनशास्त्र हो म्हणतं. घट्ट झालेलं पीओपी म्हणजे पुन्हा जिप्समच. साधारण दीडशे अंश सेल्सिअसला त्यातलं पाऊण पाणी उडतं. शंभर किलो शुद्ध जिप्सममागे साधारण सोळा किलो वजन घटतं. घोळ होतो तो घरगुती भट्टीत. कढईच्या तळाशी माल जास्त भाजून ‘मेलेला’ होतो, तो नीट घट्टच होत नाही. वरचा कच्चा राहतो. आणि कच्चा कण नव्या स्फटिकांना बी पुरवतो, त्यामुळे कालवलेलं पीओपी थापीवरच घट्ट होतं. न धुतलेल्या घमेल्यात पीओपी लवकर बसतं, हे कारागिरांना ठाऊक असतं, कारण तेच. त्यात काथ्या आणि रंगाचे पापुद्रे असतातच. हे काम तापमान सांभाळणाऱ्या कारखान्याचं आहे.

प्रश्न : आमची जमीन चोपण आहे. हा चुरा शेतात टाकू का?
– एक शेतकरी वाचक, सांगली

उत्तर : चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला जिप्सम लागतं, हे खरं. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम वाहून जायला चर हवेत. निचरा नसेल तर खर्च वाया. जमीन नुसती खारवट असेल, तर जिप्समचा उपयोग नाही. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवा. पाडकामाचा माल मात्र टाकू नका : जुन्या रंगात शिसं असू शकतं, काही जुन्या सीलिंगमध्ये ॲसबेस्टॉसही. कारखान्यातले रंग न लागलेले बोर्डाचे तुकडे मिळाले, तर तपासून घेऊन बारीक दळून विचार करता येईल.

प्रश्न : तोडलेल्या स्लॅबची खडी नव्या काँक्रीटला वापरावी का?

उत्तर : खडी-वाळूच्या भारतीय मानकानुसार (आयएस ३८३, २०१६) साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच आणि २० टक्क्यांपर्यंत. ही खडी पाणी जास्त पिते. आदल्या दिवशी भिजवून ठेवा, नाहीतर गवंडी मिक्सरमध्ये वरून पाणी ओततो आणि काँक्रीट कमजोर होतं.