जल्लादांवरचा लेख आणि 'अजून थरार घाला'

दिवाळी अंकासाठी युरोपातल्या जल्लादांवर लेख दिलात आणि आता संपादक 'सपक झालाय, छळाचे तपशील वाढवा' म्हणून मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. अहो, या दुखण्यातून मीही गेलोय. (मी इतिहासकार नाही, जर्मनही कामचलाऊच. तेव्हा तपासून घ्या.)

संदर्भ कसे शोधायचे हे तुम्हाला सांगायला नको. पण अख्खा युरोप कशाला? जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा जल्लाद फ्रान्झ श्मिट एकटा पुरे. १५७३ ते १६१७ या काळात आपण दिलेल्या शिक्षांची नोंद त्याने स्वतःच ठेवलीय.

माझा लेख त्याच्यावरच होता. मासिकाचं नाव घेत नाही. श्मिटचा बाप हाइनरिख मुळात जल्लाद नव्हताच. होफ गावात मार्ग्रेव्ह (म्हणजे तिथला सत्ताधीश सरदार) आल्ब्रेख्तला तीन माणसं तिथल्या तिथे फासावर चढवायची होती. त्याने गर्दीतून हाइनरिखला पुढे काढलं: हे काम कर, नाहीतर तू आणि तुझ्या शेजारचे दोघं लटकाल. त्याने केलं, आणि घर कायमचं वाळीत पडलं. पोरालाही मग तोच धंदा. मासिकाच्या कार्यालयाने हा सगळा भाग 'कौटुंबिक' म्हणून उडवला!

१५८० सालचा प्रसंग तर पार उलटा करून छापला. बालहत्येसाठी तीन बायकांना नदीत बुडवायचं ठरलं होतं, त्यासाठी पूलही बांधून तयार होता. श्मिटने आणि पाद्र्यांनी नगरसभेकडे रदबदली करून बुडवणं रद्द करवलं, त्याऐवजी तलवारीने शिरच्छेद झाला. छापून काय आलं? फक्त वधस्तंभावर ठोकलेली मुंडकी. वर चित्र बुरखेधारी कुऱ्हाडवाल्याचं. तिथे शिरच्छेद तलवारीने व्हायचा आणि श्मिटचा चेहरा गावात सगळे ओळखायचे. वाचकांच्या शिव्या मात्र माझ्या नावावर.

म्हणून माझा हट्ट, कुणाला पटो न पटो: लेख १६२४ च्या अर्जाभोवती बांधा. म्हातारपणी श्मिटने सम्राट दुसऱ्या फर्डिनांडकडे घराण्याची अब्रू परत मागितली, आणि ती मिळाली. त्यात तो म्हणतो, आपण पंधरा हजारांवर लोकांना औषधोपचार केले. हाडं बसवणं, जखमा बांधणं ही जल्लादांची दुसरी कमाई. दिवसा ज्याच्या सावलीलाही उभं राहायचं नाही, दुखलं-खुपलं की त्याच्याच दारात. याहून थरार कसला हवाय?

पॅरिसच्या सांसों या जल्लाद घराण्याच्या मोहात पडलात तर जपून. १८३० मध्ये सांसोंच्या नावावर निघालेल्या 'आठवणीं'मागे कादंबरीकार बाल्झाकचा हात होता, तिथलं वाक्य जल्लादाच्या तोंडी घालू नका. १८४७ मध्ये शेवटच्या सांसोंने कर्जापायी गिलोटिन गहाण टाकलं, हे मात्र बिनधास्त घ्या.

आणि हो, शेवटचं प्रूफ आणि चित्र दाखवल्याशिवाय छापणार नाही, असं त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं 'हो हो, पाठवतो' काही खरं नसतं. मानधनाचंही त्यातच विचारून टाका, माझं अजून यायचंय.