शिवणाचं तिसरं सर्टिफिकेट कशाला?

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात दांडेकर पुलाजवळ राहते, वय ३४, दहावी पास. बचत गटातून शिवणाचे दोन क्लास झाले, पण फॉल-पिको करून हातात काही उरत नाही. आता एकजण ॲडव्हान्स कोर्स सांगतोय, फी बारा हजार, नोकरी हमखास म्हणतो. आयटीआय बघू म्हटलं तर मिस्टर म्हणतात तुझं वय गेलं. काय करू?

उत्तर: ताई, बारा हजार अजिबात भरू नका. हमखास म्हणतो ना, मग मागच्या बॅचमधल्या दोघीतिघींचे नंबर मागा, कुठं लागल्या ते त्यांनाच विचारते म्हणावं, बघा कसा विषय बदलतो ते.

आणि मिस्टरांना सांगा, आयटीआयला १४ वर्षं पूर्ण हवीत, वरची अटच नाही. औंधला सरकारी आयटीआय आहे, ३० टक्के जागा बायकांना राखीव असतात, दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाइन फॉर्म निघतात. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर म्हणजे दोन वर्षं, आणि रोज जावं लागतं, त्यामुळे पोरांना शाळेतून कोण आणणार हे आधी घरात ठरवून घ्या कारण बायकांचं शिक्षण बहुतेक वेळा त्यापायीच सुटतं, अभ्यास जड म्हणून नाही. बाईला शिकवायचं म्हटलं की सगळ्यांना मशीन नाहीतर पापडच का सुचतात देव जाणे, इकडे पिंपरीत टाटा मोटर्सच्या प्लांटमध्ये हॅरियर-सफारीची अख्खी असेंब्ली लाइन बायका चालवतात!

शिवणच आवडत असेल तर तेही करा, पण मग कोर्स नको, भांडवल बघा. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं. ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये मिळतात, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. घरटी एकालाच मिळते, आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर नाहीच. फॉर्म सीएससी सेंटरवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर भरतात, मधल्या एजंटाला पैसे देऊ नका.

एक काम मात्र आजच करा, दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून नाव बघा. मार्कशीटवर माहेरचं नि आधारवर सासरचं असं असेल तर फॉर्म तिथेच अडकतो, मग मॅरेज सर्टिफिकेट, कुठं कुठं नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र (गॅझेट)सुद्धा मागतात, आणि त्यात महिने जातात.