वाचक विचारतात : सलोख्यासाठी चालायचं, तर किती आणि कसं?

प्रश्न : आम्ही बारा जण जानेवारीत हर्णैहून गणपतीपुळ्यापर्यंत सलोख्याची पदयात्रा काढतोय. रोज 25 किलोमीटर धरलेत. जमेल ना?

उत्तर : पायांना कदाचित जमेल, पण यात्रेचं काम होणार नाही. 25 किलोमीटर तुडवून आलेला माणूस संध्याकाळी कुणाच्या पडवीत बसून ऐकू शकत नाही. भिंतीला टेकला की डोळा लागतो. 1947 च्या सुरुवातीला गांधीजी नोआखालीच्या दंगलग्रस्त भागात अनवाणी फिरले, तेव्हा टप्पे लहान होते, मुक्काम बहुतेक रोज नव्या गावात. तुम्हीही पहिले दोन दिवस 10 ते 12 आणि पुढे फार तर 15 किलोमीटर धरा. फटफटताच निघा, अकराच्या आत मुक्कामी पोचा.

किनाऱ्यावरून चालणार असाल तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी; सात ते साडेदहा ओली, घट्ट पुळण चालायला मिळते. अष्टमीला मात्र सहालाच भरती, त्या दिवशी सरळ डांबरी रस्ता धरा. उतरत्या पुळणीवर तासन्‌तास चाललं की एकाच बाजूचा गुडघा धरतो. खाडी उथळ दिसली तरी पायी उतरू नका, मुखाशी पाण्याला ओढ असते. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही ठिकाणी फेरीबोट आहे.

फोड येतात ते दमट हवेमुळे. घाम वाळत नाही, सुती मोजा ओलाच राहतो, कातडी मऊ पडते आणि घासते. पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे घ्या, तासाभराने बदला, ओले सॅकवर वाळत टाका. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणणाऱ्याचाच फोड फुटतो. वरची कातडी सोलू नका. मधुमेह असलेल्याने फोडाला सुई लावूच नये. पाण्यात लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुपारी मीठ घातलेली पेज मिळाली तर फारच उत्तम.

प्रश्न : वाटेवरच्या एका गावात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांचं बोलणं बंद आहे. तिथे मुक्काम करावा का?

उत्तर : जरूर करा. आठवडाभर आधी दोघांनी जाऊन एकाच दिवशी दोन्ही वाड्यांत भेटून या. बौद्धवाडी आणि मोहल्लाही सोडू नका. पथारी शाळेत टाका. देवळात नको, वाद तिथलाच आहे. जेवण कुणा एकाकडे घेऊ नका. तांदूळ एका वाडीतून, नारळ नि डाळ दुसरीतून मागा आणि शाळेच्या आवारात एकच चूल पेटवा. दोन्हीकडच्या बायका खोबरं खवायला एका पातेल्याभोवती बसल्या की बोलणं विळी इकडे सरकव, मीठ किती, इथून सुरू होतं. ते तिथूनच होऊ द्या. पालखीचा विषय तुम्ही काढू नका, निकाल तर मुळीच देऊ नका. तुम्ही सकाळी पुढे जाल. शिमग्याला समोरासमोर यायचंय त्यांना.

एखादं घर वाळीत टाकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तो दोघांमधला वाद नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या घरी उघडपणे जा, पाणी प्या. त्यांना तक्रार द्यायची असेल तर सोबत जा. ‘मिटवून घ्या’ हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये.

प्रश्न : झेंडे, भोंगा, घोषणा?

उत्तर : झेंडा नको, भोंगाही नको. पायी येणाऱ्याला लोक आपणहून विचारतात, कुठनं आलात? वाटेतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला मार्ग आणि मुक्काम लेखी कळवा. घाटात उजव्या कडेने, एका रांगेत चाला. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवंच.